यादीतलं निम्मं कोल्हापूर खोडून टाक

«ताई, मी मूळची लातूरची. नोकरीसाठी कोल्हापुरात आले त्याला नऊ वर्षं होतील. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकाम कारखान्याच्या, लॅबमध्ये काम करते आणि राजारामपुरीत एका मावशींकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहते. आता कोइमतूरच्या एका फाउंड्रीत चांगली जागा मिळाली आहे. जायचं पक्कं आहे, त्याबद्दल मनात शंका नाही. ३१ मे हा इथला शेवटचा दिवस. जायच्या आधी कोल्हापूर पोटभर जगून घ्यावं म्हणून बेचाळीस गोष्टींची यादी केली, सोबत जोडली आहे. रोज एखादी उरकते, पण मजाच येत नाही. मिसळ समोर आली की 'ही शेवटची' असं मनात येतं आणि घास उतरत नाही. वर ॲसिडिटी झाली ती वेगळीच. मित्रमंडळींनी निरोपाच्या चार पार्ट्या ठरवल्यात. पण २०१९ च्या पुरात महामार्ग बंद पडून मी शिरोलीकडे अडकले, तेव्हा जिच्या हातकणंगल्याच्या घरी आठवडा काढला, ती सगळ्यांत जवळची मैत्रीण बातमी कळल्यापासून फोन उचलत नाही. कामावर राजीनामा दिल्यापासून कुणी काही सांगत नाही, नुसती बसून असते. हे दोन महिने कसे घालवू?
— पाय न निघणारी, राजारामपुरी»

अगं, बेचाळीस?

तुझी यादी मी दोनदा वाचली. त्यात सात मिसळी आहेत. माझं माहेर शाहूपुरीचं, त्यामुळे फडतऱ्यांची चांगली की बावड्याची, या वादात मी पडणार नाही. माहेरी परत जायचं असतं मला. पण दोन महिन्यांत सात ठिकाणच्या मिसळी 'उरकायच्या' म्हणजे जेवण राहत नाही, हजेरीपत्रक होतं. तू शब्दही तोच वापरलायस, उरकते. मजा का येत नाही ते तिथंच कळलं.

पेन घे आणि आधी जे ऋतूत बसत नाही ते खोड. तू किरणोत्सव लिहिलायस. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, आधी देवीच्या पायांवर, मग कमरेवर, मग मुखावर पोचतात, ते ९ ते ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला. मे महिन्यात सूर्य तुझ्यासाठी वाकडी वाट करणार नाही. गुऱ्हाळाचंही तेच. दिवाळीच्या आसपास पेटलेली चुलाणं उन्हाळा चढेपर्यंत बहुतेक विझतात. आता काकवी प्यायला म्हणून फिरशील तर रिकाम्या काहिली, म्हणजे रस आटवायच्या कढया, बघून येशील. नवरात्रातली पालखी तू कशाला लिहिलीस ते तुलाच ठाऊक.

मग तुझ्या स्वतःच्या कंसांकडे ये. पन्हाळ्यापुढं लिहिलंयस, 'दोनदा गेले, पाहुण्यांना घेऊन'. म्हणजे नऊ वर्षांत स्वतःसाठी तुला पन्हाळ्याला जावंसं वाटलं नाही. वाईट काही नाही त्यात. पण मग जाताना पन्हाळा सुटल्याचं दुःखही उसनं आणू नकोस. खासबागेत तू कधी कुस्ती पाहिली नाहीस. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ साली पुरं झालेलं ते मैदान आहे. तुझ्या निरोपाच्या गडबडीत ते कुठं जात नाही. न केलेल्यांपैकी एकच गोष्ट ठेव, फारच मन ओढत असेल ती. मी तुझ्या जागी असते तर शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची मॅच ठेवली असती. पेठांच्या संघांचा सामना असला की सबंध गॅलरी खेळाडूंना त्यांच्या घरच्या नावानं हाका मारते, आणि हे बाहेर कुणाला सांगून पटत नाही. हंगाम संपत आलेला असतो, तेव्हा आधी चौकशी कर.

आता उरलेली यादी बघ आणि मला सांग, यात माणसं कुठं आहेत? मावशींचं नाव नाही. कंपनीच्या बसमध्ये इतकी वर्षं तुझ्यासाठी खिडकीची जागा धरणाऱ्या बाईचा उल्लेख तू पत्रात ओझरता केलास, यादीत ती नाही. तू रोज सकाळी ज्या गाड्यावर चहा पितेस तो गाडा नाही. ही सगळी यादी मुंबईहून शनिवार-रविवार आलेल्या माणसाची आहे. कोइमतूरला गेल्यावर एखाद्या संध्याकाळी तुझ्या पोटात जे तुटणार आहे ते पन्हाळ्यासाठी नाही तुटणार. 'आज उशीर झाला व्हय?' असं विचारणारं तिथं कुणी नसेल, त्यासाठी तुटेल.

म्हणून माझा मुख्य सल्ला असा की नवं काही करू नकोस, जे तुझं रोजचं आहे तेच जरा जास्त वेळा कर. सात मिसळींऐवजी एक निवड, जिथला वाढपी तुझी ऑर्डर न विचारता कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, आणून ठेवतो ती, आणि आठवड्यातून एकदा तिथंच जा. रंकाळ्यावर तू गुरुवारी चालायला जातेस म्हणतेस, मंगळवारीही जा. गंगावेशीत रात्री म्हशी बांधलेल्या असतात आणि डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून देतात, ते तुझं नेहमीचं असेल तर चालू ठेव. यादीत आहे म्हणून जाणार असशील तर तो अख्खा ग्लास पचवायला जिगर लागते, हे लक्षात घे.

आणि 'शेवटची' हा हिशोब मुळात ठेवूच नकोस. आज खातेयस ती मिसळ शेवटची आहे की शेवटून तिसरी, हे ठरवायचं काम तुझं नाही. केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालं आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत खाक झालं. त्याआधीच्या महिन्यात तिथं नाटक बघितलेल्या कुणाला ठाऊक होतं, की त्या जुन्या वास्तूतलं आपलं हे शेवटचं नाटक? त्यांनी आपलं मध्यंतरात वडा खाल्ला, पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोक्यावरून मान वाकडी करून नाटक बघितलं आणि घरी गेले. बघणं पुरेपूर झालं होतं. गाव न सोडताही त्यांचं नाट्यगृह गेलं, हेही जाता जाता मनाशी धर. तू गेल्यावर कोल्हापूर तुझ्यासाठी जसंच्या तसं थांबणार नाही, आणि तू राहिली असतीस तरी थांबलं नसतं.

तू म्हणशील, मग शेवट जवळ आलाय हे विसरूनच जायचं का? नाही. ते माहीत असणं उलट उपयोगाचं असतं. जेमी कर्ट्झ या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पदवीला थोडेच आठवडे उरलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांनी 'आता फार थोडा वेळ राहिला' असं डोक्यात ठेवून कॉलेजच्या दिवसांबद्दल लिहायला सांगितलं आणि काहींना 'अजून बराच वेळ आहे' असं समजून. दोन आठवड्यांनी पहिल्या गटातली मुलं जास्त खुशीत होती आणि कॉलेजातल्या गोष्टींमध्ये जास्त भागही घेत होती. त्यांना कुणी यादी दिली नव्हती. फक्त वेळ थोडा आहे एवढंच सांगितलं होतं, बाकी ती आपापल्या ओढीनं जिथं जायची तिथं गेली. तुझी ओढ कुठं जाते ते बघायला यादीनं तुला वावच ठेवलेला नाही.

पार्ट्यांचं दोन वाक्यांत. चारांतल्या तीन रद्द कर. कामावरची टाळता येणार नाही, तिथं शाल, श्रीफळ आणि कुणाचं तरी लांबलेलं भाषण होणारच, ते गोड मानून घे. बाकीच्यांना सांग की मला तुम्ही एकेकटे भेटा, जेवण नको, रंकाळ्याला एक फेरी मारू. गार्डन रेस्टॉरंटात पंधरा जणांच्या टेबलावर फोटो होतात, बोलणं होत नाही. आणि याला आखडूपणा समजू नकोस. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी वर्षानुवर्षं हेच अभ्यासलंय, की हाताशी वेळ थोडा आहे असं कळलं की माणसं गोतावळा सोडून आपल्या मोजक्या माणसांकडे वळतात, आणि हे तरुणांचंही होतं, दूरच्या गावी निघालोय अशी नुसती कल्पना करायला सांगितली तरी. तुला पार्टी नकोशी वाटतेय ती त्यामुळंच.

आता हातकणंगलेवालीबद्दल. ती रागावली आहे असं तू गृहीत धरलंयस. मला तसं वाटत नाही. जाणाऱ्याला निदान नवी खोली, नवं काम, नवी भाषा एवढी धावपळ असते. मागं राहणाऱ्याच्या वाट्याला नुसती रिकामी जागा येते. तिला लहान मूल आहे, सासूबाई आहेत, तिची बाहेरची एकमेव बाजू म्हणजे तू, असं तुझ्याच पत्रातून दिसतं. फोन उचलला तर 'अभिनंदन' म्हणावं लागेल, आणि ते तिच्या तोंडातून निघत नसेल. त्यात तू तिला सांगितलंस कसं? ग्रुपवर. पहिला फोन तिला करायला हवा होतास. ते झालं ते झालं, पण भेटलीस की एवढं एक वाक्य मात्र स्पष्ट बोल, 'आधी तुला सांगायला हवं होतं.' त्यापुढं 'पण' लावून ऑफर लेटर किती घाईत आलं वगैरे सांगत बसू नकोस.

फोन करणं थांबव आणि बस धरून जा. संध्याकाळी जाऊ नकोस, तिच्या स्वयंपाकाची वेळ असते. दुपारी जा. 'रागावलीस का?' असं विचारू नकोस, त्याला 'नाही गं' याशिवाय उत्तर नसतं. एखादं काम घेऊन जा. मी सुचवू? चपला. तुला कोल्हापुरी चप्पल न्यायची आहे असं यादीत एकतिसाव्या क्रमांकावर आहे. तिला म्हण, मला चप्पल लाइनीत चांगली पारख करून देणारं कुणी नाही, तू चल. बायका-बायकांत घासाघीस करताना जेवढं मोकळं बोलणं होतं तेवढं समोरासमोर बसून कधीच होत नाही. शिवाय चप्पल आताच घेणं शहाणपणाचं आहे. नवी कोल्हापुरी चावते. तेल लावून, रोज थोडी थोडी वापरून ती पायाला बसवावी लागते, त्याला काही आठवडे जातात. ते चावणं इथंच होऊ दे, तिथं पहिल्या दिवशी लंगडत कामावर जाऊ नकोस. आणि पावसात घालू नकोस, कातडं आहे ते.

पहिल्या खेपेला ती फारसं बोलली नाही तर पुन्हा जा. पुराच्या आठवड्यात तिनं तुला 'कधी जाणार' असं विचारलं नव्हतं.

कामाकडे येते, कारण तुझ्या पत्रात सगळ्यांत कमी ओळी त्यावर आहेत आणि मला तीच जागा सगळ्यांत भरलेली वाटते. नोटीस पिरियडमध्ये माणूस कामावरचं भूत होतो, दिसतो पण मोजला जात नाही. तू त्याला अपमान समजतेयस. मला तर ती चैन वाटते. नऊ वर्षांत पहिल्यांदा तुझ्या डोक्यावर डिस्पॅचचा ताण नाही, रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या, मीटिंगमध्ये तुला कुणी जाब विचारत नाही, बढतीचा विषयच संपला. फाउंड्रीत बघण्यासारखं किती असतं, आणि लॅबवाल्यांना ते बघायला वेळच मिळत नाही!

तू स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, नमुना लावून कार्बन, सिलिकॉनचे आकडे काढतेस. पण तुमच्या भट्टीवर जे जुने काका आहेत असं लिहिलंयस, ते चिल टेस्टचा, म्हणजे धातू पारखायला ओतलेला, पाचरीसारखा तुकडा फोडतात आणि मोडलेल्या तोंडाकडे नुसतं बघून सांगतात की हीट, म्हणजे भट्टीतला वितळलेला धातू, ओतायची का थांबायचं. टोकाला पांढरा भाग किती खोल गेलाय यावरून त्यांना धातूचा रंगढंग कळतो. तुझा आकडा आणि त्यांची नजर बहुतेक वेळा जुळते. जेव्हा जुळत नाही तेव्हा कोण बरोबर ठरतं? हे तू कधी शेजारी उभं राहून बघितलंयस का? आता उभी राहा. चहा घेऊन जा त्यांच्यासाठी. तसंच सँड प्लँटवर, जिथं साच्यांची वाळू तयार होते. मॉइश्चरचा आकडा तुझ्याकडे येतो, पण जुना मोल्डर, म्हणजे साचे करणारा, वाळू मुठीत दाबून, तिचा मुटका मोडून, कडा कशा तुटतात ते बघून सांगतो की पाणी जास्त झालंय. ते बोटांना शिकवून घे. कोइमतूर हेही फाउंड्र्यांचं आणि पंपांचं गाव, तिथं स्पेक्ट्रोमीटर आहेतच. तमिळ यायला तुला वर्ष लागेल, पण पहिल्या आठवड्यात तू वाळू मुठीत धरून मान हलवलीस तर तिथला मोल्डर तुला आपली मानेल.

आणि तुझ्या जागी येणाऱ्या पोरासाठी लिहून ठेव. एचआरनं दिलेला हँडओव्हरचा फॉर्म भर, पण त्याशिवाय एक साधी वही कर. तू नेमकी जूनच्या तोंडावर निघते आहेस. पावसाळ्यात कोअर, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे वाळूचे ठोकळे, दमट होतात, ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या मालातली हवेची भोकं, वाढतात, रिजेक्शन चढतं, आणि त्या बिचाऱ्याला वाटेल आपल्यालाच काम येत नाही. कुठला पॅटर्न, म्हणजे साचा ज्यावरून करतात तो नमुना, पावसात त्रास देतो, कुठले कोअर आदल्या दिवशी करून ठेवायचे नाहीत, कुठल्या ग्राहकाचा इन्स्पेक्टर कशावर अडतो, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं. ते मराठीत लिही, तुम्ही बोलता तशा मराठीत. कंपनीची ड्रॉइंग किंवा रेकॉर्ड मात्र स्वतःबरोबर नेऊ नकोस. तू नेशील असं नाही, पण सांगितलेलं बरं.

राहता राहिलं खाणं, आणि त्यात मावशी. कोल्हापूरचं जेवण तू हॉटेलांत शोधतेयस आणि खालच्या मजल्यावर ते रोज शिजतंय. एप्रिल-मे म्हणजे घराघरात वर्षाचा कांदा-लसूण मसाला करायचे दिवस. मावशींना सांग, यंदा माझाही तुमच्याबरोबर करू. मग संकेश्वरी किती आणि ब्याडगी किती यावर त्यांचं भाषण ऐक. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला, पण प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं आणि प्रत्येक घराच्या मते बरोबर. मिरच्यांची देठं खुडायला बस, कांदा चिरून उन्हात घाल, मसाला कुटायच्या डंकावर रांगेत उभी राहा, नाक-डोळे पुसत परत ये. यात तुझे दोन-तीन दिवस जातील आणि यादीतल्या दहा गोष्टी आपोआप राहतील. राहू देत.

पांढरा रस्साही त्यांच्याकडूनच शीक, पण कृती लिहून मागू नकोस. त्या 'अंदाजानं' म्हणतील आणि तुला काही कळणार नाही. शेजारी उभी राहून एकदा बघ, मग दुसऱ्या रविवारी तू कर आणि त्यांना खुर्चीवर बसव. मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, आधी नीट निघालं पाहिजे. खसखस, तीळ, काजू किती बारीक वाटायचे ते बोटानं तपासायचं. आणि नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आली की रस्सा फुटतो, तेव्हा गॅस केव्हा बारीक करायचा हे त्या कढईकडे न बघता वासावर सांगतील. तो वास तुला ओळखता आला म्हणजे झालं. नारळाची ददात कोइमतूरला पडणार नाही. मटण कसं मिळतंय ते बघावं लागेल. तिथं शिरुवाणीच्या पाण्याची चव लोक मोठ्या कौतुकानं सांगतात, त्यात तुझा रस्सा कसा उतरतो ते मला नक्की कळव.

मावशींना भाडं शेवटच्या महिन्याचं डिपॉझिटमधून वळतं करायला सांगू नकोस. रोख दे आणि डिपॉझिट त्या परत देतील ते घे. हिशोब मिटवण्याच्या नादात माणसं उगीच अवघडतात. त्यांना साडी देणार असशील तर आधीच्या आठवड्यात दे. निघायच्या दिवशी दिलीस तर त्या ती उघडूनही बघणार नाहीत, नुसत्या रडत बसतील आणि तुझी गाडी चुकेल.

विमानानं जाणार असलीस तर मसाला दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत, कपड्यांपासून लांब टाक. हातातल्या बॅगेत तिखट ठेवलंस तर तपासणीला काढून घेतील आणि मावशींची मेहनत तिथल्या टोपलीत जाईल.

ॲसिडिटीसाठी तूर्त आठवडाभर कट बंद. दहीभात खा. त्यानंतरही जळजळ राहिली तर डॉक्टरकडे जा, आणि पांढराही बेतानंच, त्यात काजू आणि खसखस असते.